‘सॉरी?’ ऐकू आलं की तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका

पत्र: माझी मातृभाषा मराठी. हिंदी चांगली येते, कामापुरती कन्नडही येते. शाळा मराठी माध्यमाची, पण गेली ११ वर्षं काम इंग्रजीतूनच करते. सध्याच्या गटात सहा देशांची माणसं आहेत. इंग्रजी लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण बोलायला लागले की दर दोन-तीन वाक्यांनी कुणीतरी ‘सॉरी?’ म्हणतं. मी तेच पुन्हा मोठ्याने सांगते, तरी कळत नाही. परवा मी ‘फिफ्टी’ म्हटलं आणि नोंद १५ ची झाली. तेव्हापासून मीटिंगमध्ये मी चॅटमध्येच टाइप करते आणि जेवणाच्या टेबलावर नुसती हसून मान डोलावते. एक सहकारी म्हणतो, ॲक्सेंटचा क्लास लाव. माझं वय ३८. या वयात उच्चार बदलतात का? की गप्प बसलेलंच बरं?

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. काही शब्द समोरच्यापर्यंत पोचत नाहीत, ही पहिली. तिच्यावर दीड-दोन महिन्यांत बरंच काम होण्यासारखं आहे. त्यामुळे तुम्ही बोलणंच थांबवलंत, ही दुसरी, आणि ती पहिलीला खतपाणी घालते आहे. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की अनोळखी ढंगाचं इंग्रजी ऐकणाऱ्याचा कान मिनिटभरातच बराचसा जुळवून घेतो. पण कान जुळायला आधी आवाज कानावर पडायला हवा. तुम्ही ४० मिनिटं गप्प राहून अचानक एक महत्त्वाचं वाक्य बोलता, म्हणजे तुमचं सगळ्यात मोलाचं वाक्य न जुळलेल्या कानांवर जाऊन पडतं.

म्हणून उच्चारांना हात लावण्याआधी एक सवय लावून घ्या. मीटिंगच्या पहिल्या दोन मिनिटांत काहीतरी बोलाच. विषय बिनमहत्त्वाचा असला तरी चालेल: आवाज नीट येतोय का, कुणाची वाट पाहतोय, मागच्या वेळचं कुठपर्यंत आलं होतं. तीन-चार वाक्यं पुरतात.

आता वयाचं. ३८ व्या वर्षी बोलण्यातला मराठी ढंग पुसला जाणं जवळपास अशक्य, आणि त्याची गरजही नाही. मरे मनरो आणि ट्रेसी डर्विंग यांचा १९९५ चा अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानतात. ऐकणाऱ्यांनी ज्या बोलण्याला ‘ॲक्सेंट फार जड’ असा शेरा दिला, त्यातलंही कितीतरी बोलणं त्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहून काढलं होतं. ढंग वेगळा असणं आणि न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोप परिषदेच्या भाषा-चौकटीतही २०१८ मध्ये उच्चारांची मोजपट्टी बदलली आणि ‘मूळ भाषकासारखं’ याऐवजी ‘समजेल असं’ हा निकष आला. विमान वाहतुकीत तर चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. तिथल्या आंतरराष्ट्रीय सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर वैमानिकाला चौथी पायरी पुरते. त्या पायरीवर मातृभाषेची छाप चालते. ती समजण्याच्या आड अधूनमधूनच यावी, एवढीच अट. शिवाय वायरलेसवर तीनचा आकडा मुद्दाम ‘ट्री’, पाच ‘फाइफ’ आणि नऊ ‘नाइनर’ असा म्हणतात. ज्या ‘थ्री’साठी आपण जीभ दातांत धरून तासन्‌तास घासतो, तो आवाज त्यांनी सरळ काढूनच टाकला.

तेव्हा सगळं सुधारायचं नाही, जिथे गाडी अडते तेवढंच. ते शोधायला एक चाचणी करा. तुमच्या कामातली आठ-दहा शब्दांची १० वाक्यं लिहा. पुढचा शब्द अंदाजाने ओळखता येईल अशी वाक्यं नकोत, कारण अंदाज लागला की कान काम करत नाही. ती नेहमीच्या वेगाने फोनवर रेकॉर्ड करा आणि वेगवेगळ्या मातृभाषांच्या तिघांना पाठवा. मराठी माणूस घेऊ नका, त्याला तुमचं सगळंच कळेल. प्रत्येकाने प्रत्येक वाक्य एकदाच ऐकायचं आणि ऐकू आलं तसं लिहायचं. मूळ मजकूर आधी दाखवायचा नाही. तिघांपैकी दोघांचा जो शब्द चुकला तो तुमच्या यादीत. एकाचाच चुकला तर सोडून द्या, तो त्याच्या कानाचा प्रश्न असू शकतो. फोनवर बोलून टाइप करायची सोय मात्र या कामी वापरू नका. ती मागच्या-पुढच्या शब्दांवरून अंदाज बांधते, त्यामुळे खरी चूक झाकते आणि जिथे चूक नाही तिथे, विशेषतः माणसांच्या नावांत, चूक दाखवते.

यादी हाती येईपर्यंत, मराठी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत गाडी बहुधा कुठे अडते ते सांगतो.

पहिला मान शब्दातल्या जोराचा. भारतीय इंग्रजी इतर देशांतल्या लोकांना कितपत कळतं, हे आर. के. बन्सल यांनी १९६९ सालीच मोजलं होतं. त्यांच्याही अडचणींच्या यादीत चुकीच्या जागच्या जोराला वरचं स्थान होतं. मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखं वजन मिळतं आणि जोर इकडेतिकडे गेला म्हणून अर्थ बदलत नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र जोराच्या अक्षरावरून शब्द शोधतो. जोर भलतीकडे पडला की तो भलत्याच खणात हात घालतो, आणि शब्द सापडेपर्यंत तुमचं पुढचं अर्धं वाक्य निघून गेलेलं असतं. ‘डिव्हेलपमेंट’मध्ये जोर ‘व्हे’वर, आपण तो ‘डे’वर देतो. ‘कंपोनंट’मध्ये ‘पो’वर, ‘ॲनॅलिसिस’मध्ये ‘नॅ’वर, ‘इक्विपमेंट’मध्ये ‘क्वि’वर, ‘कमिटी’मध्ये ‘मि’वर. ‘कॅलेंडर’मध्ये तो पहिल्या ‘कॅ’वरच, ‘लें’वर नाही. शेवटी ‘शन’ किंवा ‘इक’ आलं, तर जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर असतो.

इथे एक चूक हमखास होते. जोर म्हणजे आवाज चढवणं असं समजून लोक ते अक्षर ओरडतात. कानाला खरी खूण पटते ती लांबीची. जोराचं अक्षर लांबवायचं आणि बाकीची उरकायची, अगदी पुसट होईपर्यंत. दोन अंगठ्यांत रबरबँड अडकवा. ‘कं-पो-नंट’ म्हणताना ‘पो’ला तो ताणा आणि बाकीच्या दोन अक्षरांना सैल सोडा. पोरखेळ वाटेल, पण हाताबरोबर जीभही लांबी शिकते. सरावासाठी बाहेरचे शब्द घेऊ नका. तुमच्या कामातले, रोज तोंडात येणारे २० शब्द काढा, शब्दकोशात ऐकून जोराच्या अक्षराखाली रेघ मारा आणि तेवढेच घोटा.

तुमचा ५० आणि १५ चा घोटाळाही याच घरातला. ‘फिफ्टी’चा जोर ‘फिफ्’वर आणि शेवट झटकन तोडलेला. ‘फिफ्टीन’मध्ये ‘टीन’ लांब, आणि शेवटचा ‘न’ नीट बंद होईपर्यंत धरलेला. आपण ‘फिफ्टी’तली ‘टी’ दीर्घ लिहितो आणि तशीच लांबवतोही; ऐकणाऱ्याला ती ‘टीन’ वाटते. १३ ते १९ आणि ३० ते ९० यांत ज्या आकड्यावर पैसा किंवा तारीख अवलंबून असेल, तो आकडा फोडून पुन्हा सांगा: ‘फिफ्टी, फाइव्ह झीरो.’ यात कमीपणा नाही. अचूक आकड्यांवर ज्यांचं काम चालतं ती माणसं असंच बोलतात.

शब्दातल्या जोराइतकाच वाक्यातला जोर महत्त्वाचा. मराठीत आपल्याकडे ‘च’ आहे. ‘फाइल मीच पाठवली’, ‘फाइलच पाठवली’, ‘सोमवारीच पाठवली’: एका अक्षरात काम होतं. इंग्रजीत ‘च’ नाही. त्याचं काम आवाज करतो. ‘आय सेंट द फाइल ऑन मंडे’ हे वाक्य सपाट म्हटलं, तर नवीन काय ते ऐकणाऱ्याने शोधत बसायचं. लॉरा हान यांच्या २००४ च्या अभ्यासात हा जोर चुकीच्या शब्दावर ठेवून तेच भाषण ऐकवलं, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या लक्षात मजकूर कमी राहिला. उपाय घरचाच आहे. वाक्य मनात मराठीत म्हणा, ‘च’ कुठे पडतो ते बघा आणि इंग्रजीत तो शब्द लांबवा. रोज स्वतःच्या एकाच वाक्यावर ‘च’ तीन ठिकाणी फिरवून बघा.

याच कारणाने ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांत गोंधळ होतो. होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ पुसट असतो, जवळजवळ ‘क्न’, आणि जोर पुढच्या क्रियापदावर. आपण ‘आय कॅन डू इट’मधला ‘कॅन’ ठणठणीत म्हणतो. इंग्रजी कानाला ठणठणीत म्हणजे नकार. तुम्ही ‘जमेल’ म्हणता आणि तो ‘जमणार नाही’ ऐकतो. घाईच्या वेळी नकारासाठी पूर्ण ‘कॅनॉट’ वापरा, भानगडच मिटते.

आता व्यंजनं. इथे मराठी माणसाकडे एक ठेवा आहे, तो वापरत नाही इतकंच. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला, जोराच्या अक्षरात येणारे प, ट, क हवेच्या फुत्कारासह येतात. आपल्या फ (फळातला), ठ, ख यांच्या निम्म्या वाटेवर. आपण कोरडा ‘प’ म्हणतो आणि इंग्रजी कान त्याला ‘ब’ समजतो: ‘पॅक’चं ‘बॅक’, ‘टाउन’चं ‘डाउन’, ‘कोल्ड’चं ‘गोल्ड’. कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरा. ‘पेपर’ म्हणताना पहिल्या ‘प’ला ती हलली पाहिजे, ‘स्पून’ म्हणताना नाही. ‘स’नंतर फुत्कार येत नाही.

आणि नेमकी उलटी चूक ‘फ’ची. ‘फाइन’ फळातल्या ‘फ’ने म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ते ‘पाइन’ वाटतं आणि ‘फास्ट’ ‘पास्ट’ होतो, कारण ओठ मिटून फुत्कारासह आलेला आवाज म्हणजे त्याच्या लेखी ‘प’. इंग्रजी ‘फ’मध्ये दोन्ही ओठ मिटतच नाहीत. वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे आणि हवा घासत जाऊ द्यायची. आरशात बघून करा, ओठ मिटले की चुकलं.

ऱ्हस्व-दीर्घाची तर गंमतच आहे. शाळेत त्यावरून आपले मार्क कापले जातात, पण ‘दिन’ आणि ‘दीन’ मोठ्याने म्हणून बघा. बोलताना फरक कोण करतो? इंग्रजीत लिहिण्यात सगळी अनागोंदी आणि बोलण्यात मात्र फरक कडक: ‘फिल’ आणि ‘फील’, ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’, ‘फुल’ आणि ‘फूल’. नुसती लांबी मोजू नका. ऱ्हस्वात ओठ आणि जबडा सैल; दीर्घात ओठ ताणलेले, ‘फील’ला हसल्यासारखे आणि ‘फूल’ला गोल. शब्दाच्या शेवटी ग, ड, ब आला तर आधीचा स्वर लांबतो. ‘बॅग’मधला ‘ॲ’ ‘बॅक’मधल्यापेक्षा स्पष्ट लांब ठेवा, मग शेवटचं व्यंजन पुसट गेलं तरी शब्द कळतो.

मराठी ‘व’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या आवाजांच्या मधोमध बसतो. दिशेचा ‘वेस्ट’ ओठांचा चंबू करून, ‘ऊ’पासून सुरू करा: ‘ऊएस्ट’. ‘व्हिसा’, ‘व्हॅल्यू’साठी दात ओठावर, वर ‘फ’साठी सांगितले तसेच, फक्त गळ्यातून आवाज. हे शिकताना लोक दोन आठवडे सगळीकडेच चंबू करू लागतात आणि ‘व्हेरी’चंही ‘ऊएरी’ करून टाकतात. तो टप्पा जातो.

‘थ’ आणि ‘द’ आपले मराठीच राहू द्या. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली आंतरराष्ट्रीय इंग्रजीसाठी जो उच्चारांचा गाभा मांडला, त्यातून त्यांनीही हे दोन आवाज वगळले. आपले मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून म्हटलेले, ट-ड आणि स्पष्ट ‘र’ यांचीही माझ्या मते काळजी नको. त्यांनी ढंग कळतो, शब्द अडत नाही.

या सगळ्याला रोज १२ मिनिटं पुरतात, पण रोज. एका वेळी एकच गोष्ट, दोन आठवडे. आधी जोर, मग फुत्कार आणि ‘फ’, मग स्वर. सहा आठवड्यांनी तीच १० वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करून त्या तिघांखेरीज नव्या तिघांना द्या, कारण जुन्या कानांना तुमची सवय झालेली असेल.

वेगाबद्दल: ‘हळू बोला’ हा सल्ला अर्धवट आहे. सगळे शब्द सारखेच हळू केले की जोर सपाट होतो आणि कळणं आणखी अवघड. वेग तोच ठेवा, थांबा वाढवा. पाच-सात शब्दांचा अर्थपूर्ण तुकडा, मग अर्ध्या सेकंदाचा थांबा. आणि वाक्याचा पहिला शब्द कामाचा ठेवू नका. नवा आवाज सुरू झाला की पहिले एक-दोन शब्द वाया जातातच. तिथे ‘सॉरी, वन थिंग’ किंवा ‘अबाउट द डेट’ असं काहीतरी खर्ची घाला. कॉलवर माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं लांब असू द्या. अगदी समोर धरलात तर नव्याने कमावलेला ‘प’चा फुत्कार धाडकन आदळेल. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो; ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळं करणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो. तिथे नावातली अक्षरं ‘एफ फॉर फ्रायडे, एस फॉर संडे’ अशीच सांगा.

‘सॉरी?’ आलं की काय करायचं? तेच वाक्य मोठ्याने म्हटलं की स्वर आणखी विकृत होतात आणि चुकीचा जोर अधिक ठळक होतो. पहिले पाढे पंचावन्न. त्याऐवजी फक्त कळीचा शब्द, त्याच्या आधी थांबून, लांबवून म्हणा. तरी नाही कळला, तर तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्दच बदला: ‘पोस्टपोन’ अडलं तर ‘मूव्ह टु नेक्स्ट वीक’. मग चॅट. म्हणजे चॅट सोडायचा नाही, त्याची जागा बदलायची: आधी तोंडाने सांगायचं, मग आकडा किंवा नाव टाइप करायचं. आणि त्यांनाच विचारा, ‘विच पार्ट डिड यू मिस?’ पुष्कळदा एकच शब्द निसटलेला असतो, आणि आपण मात्र सगळं वाक्य वाया गेलं असं धरून चालतो.

सगळा दोष आपल्या जिभेचा, हेही खरं नाही. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकी बाईच्या आवाजातलं भाषण ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना तेच ध्वनिमुद्रण कमी कळलं. गटात एकच माणूस सतत ‘सॉरी?’ म्हणत असेल आणि इतरांना कळत असेल, तर रबरबँड घेऊन बसू नका. त्याला एकट्याला गाठून सरळ सांगा की नाही कळलं तर मला कळीचा शब्द उलट म्हणून दाखव, म्हणजे मी तेवढाच दुरुस्त करीन.

जेवणाचं टेबल मीटिंगपेक्षा अवघड असतं, कारण भांड्यांचा आवाज, एकाच वेळी बोलणारे चौघे आणि दर मिनिटाला बदलणारा विषय. टोकाच्या खुर्चीवर बसू नका, तिथून दोनच तोंडं दिसतात. मधली खुर्ची धरा आणि भिंतीकडे पाठ करा. ओठ दिसले की निम्मं कोडं सुटतं. सुरुवातीला लांब किस्सा सांगायला जाऊ नका. समोरच्याच्या शेवटच्या शब्दाला धरून प्रश्न विचारा: तो ‘ट्रेक’ म्हणाला की ‘ट्रेक? हाऊ लाँग?’ तो शब्द नुकताच सगळ्यांच्या कानांतून गेलेला असतो, त्यामुळे तुमच्या तोंडून तो चुकूच शकत नाही. असे चार-पाच प्रश्न झाले की कान जुळलेले असतात, मग किस्सा. आणि न कळता मान डोलावणं आधी बंद करा. पाचव्या मिनिटाला कुणीतरी तुम्हाला मत विचारतं आणि तेव्हाची फजिती ‘आय लॉस्ट यू देअर’ म्हणण्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

राहिला क्लास. लावायचा तर आधी विचारा, पहिल्या दिवशी माझा आवाज रेकॉर्ड करून माझ्या चुकांची यादी काढणार का? जोर आणि लांबी शिकवणार, की सगळ्यांना एकच वळवलेला ‘र’? अर्धवट उचललेला परका ढंग पाचव्या मिनिटाला सुटतो, आणि मग ऐकणाऱ्याच्या जुळलेल्या कानाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आलं, तर ते पैसे ठेवा आणि चाचणीची १० वाक्यं आजच लिहायला घ्या. त्यांत एक ‘फिफ्टी’ असू द्या.